स्मार्ट मीटर : मोजायचे कोणाला?

विजेचे मीटर ही घराच्या भिंतीवरील एक मूक वस्तू. महिन्याकाठी कोणी येऊन आकडे टिपून नेई, एवढाच तिचा आपल्याशी संबंध. महाराष्ट्रात आता त्या जागी स्मार्ट मीटर बसविण्यात येत आहे. किती वीज वापरली हे तर ते मोजतेच, शिवाय ती कोणत्या वेळी वापरली याचीही नोंद ठेवते व ती दूरच्या कार्यालयात पोहोचविते. केंद्र शासनाने जून २०२१ मध्ये ३ लाख कोटी रुपयांहून अधिक खर्चाची जी वितरण सुधारणा योजना मंजूर केली, तिच्यात देशभर अशी २५ कोटी मीटर बसविण्याचे उद्दिष्ट आहे.

यामागील विचार समजून घेणे अगत्याचे आहे. कोळसा हवा तेव्हा जाळता येतो. ऊन आणि वारा मात्र आपल्या सोयीने येत नाहीत. त्यांच्यापासून मिळणाऱ्या विजेचा वाटा वाढत जाईल, तसतशी वापराची वेळही निसर्गाच्या वेळेशी जुळवून घ्यावी लागेल. स्मार्ट वीजजाळ्याचे सार हेच. प्रश्न उरतो तो न्यायाचा : आपली वेळ बदलायची कोणी?

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना हा प्रश्न नवा नाही. १,९६० मेगावॅट क्षमतेचा कोयना प्रकल्प साताऱ्यात उभा आहे. त्यासाठी गाव सोडलेल्या अनेक कुटुंबांचे पुनर्वसन अद्याप पूर्णत्वास गेलेले नाही. वनकुसवडे, चाळकेवाडी, ढालगाव, गुढे-पाचगणी येथील पठारांवर पवनचक्क्या फिरत आहेत. आणि याच दोन जिल्ह्यांतील शेतकरी वर्षानुवर्षे रात्री उठून उसाला पाणी पाजत आला आहे. शेतीपंपांना काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशी पाळीने वीज मिळते. शहरांची व कारखान्यांची गरज भागली की रात्री उरेल ती वीज शिवाराला, असा हा हिशोब होता. रात्रीच्या अंधारात साप-विंचू आणि कराड, पाटण, शिराळा भागांत उसात दडलेला बिबट्या यांचे भय त्या हिशोबात कोणी धरले नाही. विजेच्या जाळ्यासाठी वेळ बदलण्याचे ओझे प्रथम दुर्बलांनीच उचलले.

या व्यवस्थेने तांत्रिक हानीही केली. मध्यरात्री केव्हा वीज येईल याचा भरवसा नसल्याने शेतकऱ्यांनी पंपांना ऑटो स्टार्टर बसविले. वीज येताच एका डीपीवरील सारे पंप एकदम सुरू होतात, भार झेपत नाही आणि डीपी जळते. मग नवी येईपर्यंत उभे पीक वाळते. दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे सोपे असते, पण ही सवय अनिश्चित पुरवठ्याने लावलेली आहे.

पाण्याचेही तसेच. सायंकाळी विजेची मागणी एकदम वाढते तेव्हा कोयनेची यंत्रे काही मिनिटांत चालू करता येतात. म्हणून वीजजाळ्यास तिचे मोल मोठे. परंतु वीजनिर्मितीचे बहुतांश पाणी पश्चिमेस कोकणात उतरते. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्यास वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे. पश्चिमेस गेलेले पाणी ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांना मिळत नाही. २०२३ च्या टंचाईत याच पाण्यावरून दोन्ही जिल्ह्यांत वाद झाला. या योजनांच्या वीजबिलातील ८१ टक्के वाटा शासन आणि १९ टक्के शेतकरी उचलतो. दिवसा सौर वीज मुबलक असताना हे पंप चालविले, तर पाणी व पैसा दोन्ही वाचू शकतील. खरे शहाणपण ते हेच.

त्या दृष्टीने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना स्वागतार्ह आहे. २०१७ मध्ये आरंभिलेल्या आणि २०२३ मध्ये दुसऱ्या टप्प्यात विस्तारलेल्या या योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज दिली जाते. मात्र प्रकल्पासाठी गायरान निवडताना माण, आटपाडी, जत येथील मेंढपाळांचे चराऊ रान जाणार नाही, हेही पाहिले पाहिजे.

घरगुती मीटरबाबत आमचे मन इतके निःशंक नाही. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत मिळू लागली. तिचा लाभ कोणाला? ज्याच्या घरी धुलाई यंत्र आहे आणि दिवसा ते लावणारे कोणी आहे, त्याला. शेतमजूर दांपत्याचे घर दिवसभर कुलूपबंद असते. त्यांचा दिवा आणि पंखा सायंकाळीच लागतो.

लोकांच्या मनातील संशयालाही आधार आहे. मीटर आधी प्रीपेड असणार होते. विरोध झाल्यावर जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नसल्याचे जाहीर केले. थकबाकीदाराची वीज तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी सूचना देण्याचे बंधन २००३ च्या वीज कायद्यात आहे. दुरून कळ दाबून वीज तोडण्याची सोय झाल्यावर हे संरक्षण केवळ कागदावर राहता कामा नये. घरात माणसे केव्हा असतात, केव्हा निजतात, हेही या नोंदींतून उमगू शकते. याच कारणास्तव नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये स्मार्ट मीटरची सक्ती फेटाळली आणि पुढे ग्राहकास नकाराचा हक्क देऊनच ते आणले.

आमचे म्हणणे इतकेच की मोजमाप दोन्ही बाजूंचे व्हावे. ग्राहकाने कोणत्या तासाला किती वीज वापरली हे यंत्र सांगू शकते, तर त्याला किती तास वीज मिळाली नाही हेही सांगू शकते. प्रत्येक वाहिनीची आणि डीपीची ही नोंद दरमहा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. डीपी किती दिवसांत बदलली, हे गावाला कळावे. शेतीपंप स्मार्ट मीटरच्या योजनेतून वगळले आहेत, आणि अनेक पंपांची आकारणी आजही अश्वशक्तीवर होते. तेथे वाहिनीवरचे मोजमाप चोख नसेल, तर अंदाजे लिहिलेल्या शेतीवापराआड गळती दडेल आणि तिचा भार इतर ग्राहकांवर पडेल.

कष्टकऱ्याच्या घराचे मीटर वाचण्याआधी त्याच्या शिवारातील रात्र वाचावी. त्याला दिवसा पाणी पाजून रात्री निर्धास्त झोपता आले, तर या जाळ्याला शहाणे म्हणण्यास आमची हरकत नाही.