गायक बदलला, बँड तोच?

पिंपरी, प्रतिनिधी

बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ५ जुलै २०२५ रोजी 'ब्लॅक सॅबथ' या हार्ड रॉक बँडने रसिकांचा अखेरचा निरोप घेतला. त्यानंतर अवघ्या १७ दिवसांनी मूळ गायक ऑझी ऑस्बोर्न यांचे निधन झाले. गायक हाच बँडचा प्राण, ही समजूत अशा प्रसंगी अधिक दृढ होते. प्रत्यक्षात मात्र ऑस्बोर्न यांच्याशिवायही हा बँड अनेक वर्षे वाजत राहिला होता. मग बँडची ओळख नेमकी कशात असते? या प्रश्नाचे एक उत्तर बर्मिंगहॅममध्ये सापडते, तर दुसरे मुंबईत.

बर्मिंगहॅम हे पिंपरी-चिंचवडसारखेच कारखान्यांचे शहर. सॅबथचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके ऐन तारुण्यात पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली तुटली. भोसरी-चाकणच्या प्रेसशॉपमध्ये काम केलेल्यांना असा अपघात समजावून सांगावा लागत नाही. डावखुऱ्या आयोमींना नेमकी हीच बोटे तारांवर दाबावी लागत. त्यांनी प्लास्टिक वितळवून टोपणे तयार केली, हलक्या तारा बसवल्या, पुढे तारा ढिल्या करून सूरही खाली आणला. सॅबथचा तो जड, गंभीर नाद घडण्यात या तडजोडींचा मोठा वाटा होता.

ऑस्बोर्न यांचा आवाज अनेकदा गिटारच्या चालीबरोबरच चाले. १९७९ मध्ये त्यांना बँड सोडावा लागला आणि रॉनी जेम्स डिओ आले. डिओ गिटारच्या चालीला न चिकटता तिच्यावर स्वतंत्र सुरावट उभी करीत. साहजिकच आयोमींच्या रचनांची मांडणीही बदलली; १९८०चा 'हेवन अँड हेल' हा अल्बम त्याची साक्ष देतो. १९८३ मध्ये 'डीप पर्पल'चे इयान गिलन एका अल्बमपुरते आले. पुढे टोनी मार्टिन यांनी १९८७ ते १९९५ या काळात पाच अल्बम गायले. गायक बदलत गेले, पण प्रत्येक अल्बमवर गिटार आयोमींचीच राहिली.

मुंबईचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या 'रॉक मशीन'चे सुरुवातीचे गायक इयान सान्तामारिया होते. नंतर ती जबाबदारी उदय बेनेगल यांच्याकडे आली आणि त्यांच्याच आवाजात १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा पहिला अल्बम निघाला. परदेशी बँडची गाणी वाजवण्यावर समाधान मानण्याच्या त्या काळात स्वतःच्या रचनांचा अल्बम काढणे हे धाडसच होते. १९९० मध्ये दुसरा अल्बम आला. १९९३ मध्ये बँडने 'इंडस क्रीड' हे नाव धारण केले आणि १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम आला. नावातील हा बदल वरवरचा नव्हता. पाश्चात्त्य हार्ड रॉकची सरळ वाट सोडून हा बँड भारतीय रंगाकडे वळला होता.

१९९७ मध्ये बँड विसर्जित झाला. २०१० मध्ये बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बास आणि ड्रम्स तरुण वादकांच्या हाती गेले. २०१२चा 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम पहिल्या अल्बमपासून खूपच दूरचा वाटतो. गळा तोच, पण वय, सहकारी आणि संगीताची समज बदलली होती.

दोन्ही उदाहरणे एकत्र पाहिली, तर निष्कर्ष स्पष्ट आहे. गायक बदलला की नाद बदलतो. पण गायक कायम राहिला म्हणून नाद कायम राहतोच असे नाही. बँड टिकतो तो स्वतःच्या रचनांवर आणि त्या रचणाऱ्यांच्या एकत्र राहण्यावर.

उद्योगनगरीतील तरुण बँडसाठी हा मुद्दा केवळ रसिकतेचा नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांत जमलेला बँड शेवटच्या वर्षी नोकऱ्या लागताच पांगतो. एक जण बेंगळुरूला जातो, दुसऱ्याला चाकणला रात्रपाळी लागते. गायक गेला की उरलेले हताश होतात, कारण त्यांच्याकडे असतात ती इतरांचीच गाणी आणि ती हुबेहूब गाणारा गळा आता नसतो. स्वतःच्या चार रचना हाताशी असतील, तर नवा गायक त्या आपल्या पद्धतीने गाईल. त्या वेगळ्या वाटतील, पण राहतील बँडच्याच. कारखान्याने बोटे हिरावली, तरी आयोमींनी गिटार खाली ठेवली नाही. त्यापुढे गायक निघून जाणे ही तशी लहानच अडचण म्हणायची.