'द्वारा' नसलेला पत्ता

सदाशिव पेठेत मी कॉट बेसिसवर राहत होतो तेव्हा माझ्या पत्त्याची पहिली ओळ माझ्या नावाची असे आणि दुसरी 'द्वारा'ची. द्वारा श्रीयुत अमुक, मग घर नंबर, मग कुठल्याशा मारुतीजवळ. पोस्टमन पत्रं मालकांकडे देई. मालक ती चष्मा लावून उलटसुलट बघत आणि संध्याकाळी माझ्या हातात ठेवताना पत्र कुणाचं आहे हे मलाच सांगत. खोली सोडली की पत्ताही सुटायचा. मग नवा पत्ता कळवणारी कार्डं लिहीत बसायचं. चार वर्षांत मी तीनदा बसलो.

१९९८च्या पावसाळ्यात दादा अमेरिकेला निघाला. वायटूकेचा हंगाम होता, कोबोल येणाऱ्याला व्हिसा मिळत होता. जायच्या आठवड्यात त्यानं मला टिळक रस्त्यावरच्या एका सायबर कॅफेत नेलं, तासाचे ६० रुपये मोजले आणि स्वतःचं नि माझं अशी दोन हॉटमेलची खाती उघडली. माझं नाव टाकून झाल्यावर मी सवयीनं विचारलं, "द्वारा कुणाचं लिहायचं?"

"कुणाचंच नाही," दादा म्हणाला.

ज्यांनी ही सोय केली त्यांचं दुखणंही एका अर्थी 'द्वारा'चंच होतं. सबीर भाटिया जन्मानं चंदीगडचा. शाळेची काही वर्षं आपल्या पुण्यात, बिशप्समध्ये. मग बंगळूर, मग पिलानीचं बिट्स आणि तिथून १९८८ साली थेट कॅलटेक. पुढे अ‍ॅपलमध्ये त्याला जॅक स्मिथ भेटला. दोघं मिळून फायरपॉवर सिस्टिम्स नावाच्या कंपनीत गेले आणि नोकरी करता करता स्वतःच्या धंद्याचे बेत आखू लागले. इंटरनेटवरून वापरता येईल असा माहितीसाठा बनवायचा, नाव जावासॉफ्ट, असा मूळ बेत होता. पण हे बोलायचं कसं? ऑफिसच्या ई-मेलवर लिहावं तर साहेबाच्या नजरेला पडायचं. दोघांची एओएलवर खासगी खाती होती, पण ऑफिसच्या फायरवॉलपलीकडे जाऊन ती उघडता येत नव्हती. नोकरी सोडण्याचे बेत ऑफिसच्या टपालातून पाठवणार कोण?

डिसेंबर १९९५मध्ये एका संध्याकाळी स्मिथ डंबार्टन पुलावरून गाडीनं घरी चालला असताना त्याला सुचलं, की ब्राउझर तर प्रत्येक संगणकावर असतो. टपाल त्यातच का उघडू नये? त्यानं गाडीतूनच भाटियाला फोन लावला. भाटियानं त्याला पुढे बोलूच दिलं नाही. फोन ठेव, घरी जा आणि घरच्या फोनवरून कर, असं सांगितलं. गाडीतला फोन कुणी ऐकला तर, ही धास्ती. साहेबाच्या भीतीतून सुचलेली कल्पना पहिल्या मिनिटापासून भीतीतच वाढली.

आज या कल्पनेत काय विशेष असं वाटेल. तेव्हाचं ई-मेल म्हणजे काय होतं ते आठवावं लागतं. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्याकडे इंटरनेट लोकांना खुलं केलं. मोडेम किरकिर करत जोडला जायचा, टपाल आपल्या संगणकावर उतरायचं आणि तिथंच राहायचं. पुण्याच्या ग्राहकाच्या पत्त्यात अ‍ॅटच्या पुढे 'जीआयएएसपीएन०१' असं काहीतरी यायचं. त्यातला 'पीएन' म्हणजे पुणे. मुंबईकराचा 'बीएम'. गाव सुटलं तर पत्ताही जाणार, माझ्या वाड्यासारखाच. अमेरिकेत जुनो नावाच्या कंपनीनं जाहिरातींच्या जोरावर १९९६च्या वसंतात फुकट ई-मेल दिलं होतं, पण त्यासाठी तिचं सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर घालून तिच्याच नंबरला फोन लावावा लागे. पुण्यातल्या पोराला त्याचा काय उपयोग? हॉटमेलला ना स्वतःचा संगणक लागत होता, ना स्वतःचा फोन. तासाचे ६० रुपये असले की पुरे.

भांडवलासाठी दोघांनी बरेच उंबरे झिजवले. समोर जावासॉफ्टचा कागद ठेवायचा, ऐकणारा विश्वासाचा वाटला तरच ई-मेलची गोष्ट काढायची. शेवटी ड्रेपर फिशर जर्व्हेटसन या गुंतवणूकदारांनी तीन लाख डॉलर दिले आणि १५ टक्के हिस्सा घेतला. नाव ठरवताना मेलनं संपणारे शब्द धुंडाळले. हॉटमेल निवडलं, कारण त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एच, टी, एम, एल ही वेब पानांच्या भाषेची चारही अक्षरं क्रमानं येतात. सुरुवातीला ती चार तेवढी मोठी लिहीत.

खरा डोकेबाज निघाला तो टिम ड्रेपर. जाणाऱ्या प्रत्येक पत्राखाली ताजा कलम टाका, असं त्यानं सुचवलं: हॉटमेलवर तुम्हीही फुकट ई-मेल घ्या. या पोरांना ते आधी पटेना. दुसऱ्याच्या खासगी पत्रात आपण कशी ओळ घुसडायची? मला त्यांची ही कुचंबणा आवडते. आवडते, पण ती टिकली नाही. ओळ गेली, आणि पत्र लिहिणारा प्रत्येक जण नकळत फेरीवाला झाला. मित्राचं पत्र वाचावं आणि खाली मित्रानंच शिफारस केल्यासारखी ओळ दिसावी. अशा प्रसाराला साथीच्या रोगाचं नाव याच गुंतवणूकदारांनी रूढ केलं. 'व्हायरल' हा शब्द आज आपण कुठल्याही व्हिडिओला लावतो, त्याच्या मुळाशी ही ओळ आहे.

हॉटमेल सुरू झालं ४ जुलै १९९६ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी. सहा महिन्यांत दहा लाख खाती झाली. दीड वर्षात ८५ लाख. भारतात एका पैशाची जाहिरात न करता ते पसरलं. दादासारखे हजारो जण विमानात बसण्यापूर्वी भावंडांना कॅफेत नेत होते, जाहिरातीची गरजच काय?

आमचं टपाल मात्र विमानानं निम्मं आणि लाल डब्यानं निम्मं चाले. आईबाबा मिरजेला. दादाचं पत्र न्यू जर्सीहून पुण्याला सेकंदात येई. मी पानाला दहा रुपये देऊन ते छापून घेई, पाकिटात घाली, आणि मिरजेला पोचायला पुढे तीन दिवस. बाबांचं उत्तर पुन्हा पाकिटातून माझ्याकडे, मग मी ते एका बोटानं टंकून दादाकडे. पडद्यावर देवनागरी उमटत नव्हती, त्यामुळे मराठी सगळी रोमन अक्षरांत.

तिसऱ्या की चौथ्या पत्रात दादानं लिहिलं, की पहिला पगार झाला आणि गाडी घेतली. बाबांनी तो कागद सोसायटीत फिरवला. आईनं पेढे वाटले. दोन महिन्यांत गाडी! बाबांनी 'कुठली घेतलीस, रंग कोणता' असं सविस्तर विचारलं. दादाचं उत्तर आलं: निळ्या पट्ट्यांची, कापसाची नाही, स्प्रिंगची. घेतली होती गादी. दोन महिने तो कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये जमिनीवर झोपत होता. रोमन 'डी'मध्ये 'ड' आणि 'द' एकाच खोलीत राहतात, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आईनं पेढ्यांबद्दल पुढे अवाक्षर काढलं नाही. गादीबद्दल मात्र रडली. तो कागद अजून तिच्या डब्यात आहे, आणि त्याच्या तळाशी, दादाच्या सहीखाली, तुम्हीही फुकट ई-मेल घ्या.

तेव्हा लक्षात आलं नाही, पण दादा चुकत होता. 'द्वारा' गेलं नव्हतं. ते फक्त अ‍ॅटच्या पलीकडे जाऊन बसलं होतं. आम्ही तिथंही भाडेकरूच होतो, भाड्यापोटी जाहिरात वाहून नेत होतो. आम्ही खाती उघडली त्याच्या आधीच, १९९७च्या शेवटच्या दिवशी, मायक्रोसॉफ्टनं हॉटमेल घेतल्याचं जाहीर झालं होतं. सुमारे ४० कोटी डॉलरचे शेअर्स. भाटिया तेव्हा २९ वर्षांचा. रेडमंडला जाऊन बिल गेट्सच्या माणसांसमोर मंडईतल्यासारखी घासाघीस करून, नको नको म्हणत त्यानं हा आकडा गाठला. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. स्मिथचं नाव मात्र आपल्याकडे फारसं कुणाच्या तोंडी आलं नाही. कल्पना त्याची होती हे इथं मुद्दाम नोंदवतो.

नवे मालक मोठे, पण निष्काळजीपण त्यांनाही सुटलं नाही. ऑगस्ट १९९९मध्ये असं उघड झालं, की नुसतं नाव ठाऊक असलं तरी कुणाचंही खातं उघडतं. काही तास सेवाच बंद ठेवावी लागली. त्याच वर्षी नाताळात खाती उघडेनात. कारण हॉटमेलचं दार ज्या पासपोर्ट सेवेच्या नावातून उघडे, त्या नावाच्या नोंदणीचे ३५ डॉलर भरायचे राहून गेले होते. अमेरिकेतल्या एका लिनक्सवाल्या प्रोग्रामरनं ते स्वतःच्या कार्डानं भरले. जगातल्या सगळ्यात श्रीमंत वाड्याची घरपट्टी शेजाऱ्यानं भरली म्हणायची!

जागाही वाड्यातल्या खोलीसारखीच, २ एमबी. आज मोबाइलचा एक फोटो तिथं मावायचा नाही. दादानं बर्फाची छायाचित्रं पाठवली की जुनी पत्रं पुसावी लागत. १ एप्रिल २००४ला गुगलनं १ जीबी देऊ केलं तेव्हा लोकांना ती एप्रिल फूलची थाप वाटली. ती थाप नव्हती, आणि त्यानंतर हॉटमेल सतत धावत मागेच राहिलं. २०१२च्या जुलैत आउटलुक डॉट कॉम आलं, पुढच्या मे महिन्यापर्यंत सगळ्यांची खाती तिकडे हलवली आणि हॉटमेल ही पाटी उतरली. जुने पत्ते मात्र ज्याचे त्याच्याकडे राहू दिले, हे चांगलं केलं.

मी केव्हाच दुसरीकडे गेलो. सदाशिव पेठेतला तो वाडा पाडून तिथं पाच मजली इमारत झाली. दादानं अमेरिकेत आतापर्यंत सात घरं बदलली. ई-मेलचा पत्ता टिळक रस्त्यावर घेतला होता तोच आहे.