दलालाला सोडचिठ्ठी

आपल्यात दलाल ही शिवी आहे. निवडणुकीच्या आदल्या रात्री वस्तीची मतं विकतो तो दलाल. मोर्चात पुढं चालतो आणि संध्याकाळी मंत्र्याच्या बंगल्यावर चहा पितो तो दलाल. ही शिवी मी भर सभेत दिलीय, टाळ्याही घेतल्यात. आणि तोच मी, गेल्या वर्षी आखाजीच्या सुमाराला, धुळ्यात एका खऱ्याखुऱ्या घरदलालासमोर बसून पाचशेच्या स्टँपपेपरवर न वाचता सही करून मोकळा झालो. म्हणून हे लिहितोय. शिवी देता येते सगळ्यांनाच. करार संपवायला शिकावं लागतं.

घर बापाचं. बाप एसटीच्या वर्कशॉपात हेल्पर. ग्रीसच्या हातांनी वीट वीट जोडून १९८४ साली त्यानं धुळ्यात दोन खोल्या आणि पुढं ओटा उभा केला. दारावर नावाची पाटी, नावाखाली 'जय भीम', भिंतीला निळा रंग. बाप गेला. मी नोकरीनं जळगावात, माय माझ्याकडं. बंद घराला वाळवी लागते, म्हणून ठरवलं, विकून टाकू. दलाल म्हणाला, "भाऊ, काळजीच सोडा. तीन महिन्यांत अठरा लाख हातात देतो."

तीन महिने झाले, सहा झाले. मी रविवारी एरंडोल-पारोळा करत एसटीनं जायचो, घर झाडायचो, ओट्यावर बसून गिऱ्हाइकाची वाट बघायचो. गिऱ्हाईक यायचं, गल्लीच्या तोंडाशी पंचशील झेंडा दिसला की गाडी वळवायचं. एकानं माझ्या देखत दलालाला विचारलं, "शेजारी लोक कोणते?" शेजारी एक नर्स, एक मास्तर, एक पोलीस. पण त्याला धंदा विचारायचा नव्हता, जात विचारायची होती. दलालानं खाली मान घातली.

सातव्या महिन्यात दलालानं औषध सांगितलं. "राग मानू नका भाऊ. ती पाटी काढा. निळ्यावर क्रीम कलर मारा. आणि आकडा अकरावर आणा. मग बघा."

मायला सांगितलं. ती एवढंच बोलली, "तुना बापना नावनी पाटी शे ती. काढानी नही."

दोस्तहो, वीट तीच, सिमेंट तेच, नळाला पाणीही तेच. सडकेच्या पलीकडं अठरा लाख आणि अलीकडं अकरा. मधले सात लाख जातीनं खाल्ले. घटनेचं पंधरावं कलम दुकान, हॉटेल, विहीर, रस्ता यांची दारं आपल्याला उघडून देतं, पण घराच्या खाजगी सौद्यात कुणी का पाठ फिरवली हे ते विचारत नाही. २००५ साली सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा, सभासद फक्त पारशीच, हा नियमही चालवून घेतला.

आणि दलालाचं गणित बघा. त्याची दलाली दोन टक्के. अठरा लाखांवर छत्तीस हजार, अकरा लाखांवर बावीस हजार. माझे सात लाख बुडाले तर त्याचे फक्त चौदा हजार बुडतात. मग तो जातीशी कशाला भांडेल? त्याला सौदा हवाय, माझा भाव नकोय. तो दुष्ट आहे म्हणून असं करतो, असं समजू नका. तो धंदाच तसा आहे.

पुढं तो जे बोलला ते जास्त भयंकर होतं. मायच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं हे त्याला कळलं. म्हणाला, "पन्नास हजार घेऊन टाका. घर विकल्यावर कापून घेईन. फक्त मुखत्यारपत्र करून द्या, म्हणजे तुम्हाला जळगावहून यायचा त्रास नको." खोटं कशाला सांगू, मला तो देवमाणूस वाटला. तालुक्याच्या कोर्टात वकिली करणारं आपलंच एक पोरगं मध्ये पडलं. म्हणालं, "दादा, आधी कागद दाखव."

१८७२ सालचा करार कायदा. इंग्रज गेले, तो राहिला. दलाल म्हणजे तुमचा एजंट, मालक तुम्ही. सौदा व्हायच्या आधी एजंटाचा अधिकार काढून घ्यायचा हक्क कलम २०३ मालकाला देतं. पण कलम २०२ मध्ये मेख आहे. त्या मालमत्तेतच एजंटाचं हित गुंतलं असेल, तर त्याचं नुकसान करून अधिकार काढता येत नाही. कायद्यातच उदाहरण दिलंय: जमीन विकून येणाऱ्या पैशातून स्वतःचं येणं वळतं करून घ्यायचा अधिकार एजंटाला दिला, की मालकाचे हात बांधले गेले. म्हणजे ते पन्नास हजार घेतले असते, तर माझ्याच घराचा दलाल मला काढता आला नसता!

ही गोष्ट आपल्याला नवी आहे का? खानदेशातल्या सालदाराला विचारा. आखाजीला साल धरायचं आणि आखाजीला सोडायचं. पण उचल फिटली नाही की दुसरं साल, मग तिसरं. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली आला. त्याआधी महारकीचं वतन. ते न मागता गळ्यात पडायचं आणि मागूनही सुटायचं नाही. या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल मांडलं, आणि ही वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली. एक करार संपवायला तीस वर्षं! ज्यांच्या आज्या-पणज्यांना नोकरी सोडायचाही हक्क नव्हता, त्यांच्या नातवानं स्टँपपेपर न वाचता सही करावी? मला माझीच लाज वाटली.

आता वकील पोरानं जे शिकवलं ते तुमच्यासाठी मांडतो.

पहिलं, मुदत बघा. माझ्या कागदावर अकरा महिने होते. मुदत ठरलेली असताना पुरेशा कारणाशिवाय मध्येच दलाल काढला, तर कलम २०५ प्रमाणं भरपाई द्यावी लागते. म्हणून कारण लेखी द्या आणि ते खरं असू द्या. कलम २०६ वाजवी नोटीस मागतं. फोनवर शिव्या घालणं ही नोटीस नव्हे.

दुसरं, 'मालकानं स्वतः गिऱ्हाईक आणलं तरी दलाली द्यावी लागेल' आणि 'मुदत संपल्यावर करार आपोआप चालू राहील', असल्या ओळी शोधा. माझ्या कागदात दोन्ही होत्या. सहीआधी खोडायच्या असतात त्या.

तिसरं, मुखत्यारपत्र दिलं असेल तर तेही लेखी रद्द करा. दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेलं असेल तर रद्द केल्याचा लेखही नोंदवा. अधिकार काढल्याचं दलालाला कळेल तेव्हा त्याच्यापुरता आणि बाहेरच्यांना कळेल तेव्हा त्यांच्यापुरता तो संपतो, असं कलम २०८ सांगतं. म्हणून चार लोकांना कळू द्या. नुसत्या मुखत्यारपत्रावर घराची मालकी फिरत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०११ साली बजावलंय. तरी सह्या घेणारे घेतातच.

चौथं, गिऱ्हाईक कोण ते विचारा. माझं अकरा लाखांचं गिऱ्हाईक निघालं दलालाचाच मेव्हणा. एजंटानं दुसऱ्याच्या नावाआड स्वतःच माल घेतला आणि महत्त्वाची गोष्ट बेइमानीनं लपवली, किंवा त्यात मालकाचं नुकसान झालं, तर मालक तो व्यवहार नाकारू शकतो. कलम २१५.

तुम्ही म्हणाल, रेरा आहे ना? २०१६ चा तो कायदा नोंदणी झालेल्या प्रकल्पांतले फ्लॅट-प्लॉट विकणाऱ्या एजंटांना बांधतो. बापाच्या हातच्या दोन खोल्यांपर्यंत तो येत नाही. आपल्या कामाचा तो १८७२ चाच. ठरलेल्या मोबदल्याची सेवा नीट मिळाली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाचं दार आहे. जळगावातही आहे, धुळ्यातही आहे.

आणि माझा दोष? तोही लिहितो. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून बापाचंच नाव होतं. वारसनोंद केलेली नव्हती, बहिणीची संमती घेतलेली नव्हती. एक-दोन गिऱ्हाइकं जातीमुळं नाही, या कागदामुळं परत गेली होती. सगळं खापर जातीवर फोडलं की आपलं काम राहून जातं. वारसनोंद आता झाली, उताऱ्यावर बहिणीचंही नाव आलं.

आठव्या महिन्यात मी पत्र लिहिलं. साधं, एक पान. अमुक तारखेचा करार मी संपवतोय. कारण, इतक्या महिन्यांत एकही लेखी प्रस्ताव आला नाही आणि गिऱ्हाइकाशी असलेलं नातं लपवलं गेलं. पंधरा दिवसांत किल्ली, कागद परत द्यावेत, विक्रीचा बोर्ड काढावा, आणि आजवर दाखवलेल्या गिऱ्हाइकांची यादी द्यावी. ही यादी महत्त्वाची. त्यानं खरोखर आणलेल्या माणसाला मागच्या दारानं घर विकून त्याची दलाली बुडवायची नाही. त्याचा घाम असेल तर त्याचा पैसा. रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झालं, म्हणून पत्र स्पीड पोस्टानं पाठवलं आणि पोहोच जपून ठेवली.

तो आला, चिडला, म्हणाला, "तुमच्या लोकांचं असंच असतं." मी म्हटलं, "हो, आता असंच असणार." त्यानं जाहिरातीची पावती दाखवली, तेवढे पैसे मी दिले आणि किल्ली घेतली.

दर ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातो, घोषणा देतो, परत येतो. १९३७ साली बाबासाहेब धुळ्याला कशासाठी आले होते? कोर्टाच्या कामासाठी. वकील म्हणून, हातात कागद घेऊन. त्यांचा फोटो आपण भिंतीला लावला आणि कागद दलालाच्या हातात दिला.

घर अजून विकलं गेलेलं नाही. अठरा लाख देणारा भेटला तर विकीन, अकराला विकणार नाही. तोवर साक्रीकडची दोन पोरं तिथं भाड्यानं राहून शिकताहेत. पाटी जागेवर आहे. परवा त्यांनीच ती पुसून काढली.

तुमच्या घरात असा एखादा स्टँपपेपर पेटीच्या तळाशी पडला असेल. आज रात्री काढा आणि मोठ्यानं वाचा. वाचता येत नसेल तर वस्तीतल्या शिकणाऱ्या पोरीला बोलवा. तिला कळतं.

जय भीम.