सत्य आणि सावधपण

चातुर्मासात आई-वडील प्रवचनाला जातात आणि मूल तासभर घरी एकटे असते. दाराची घंटा वाजते. “घरी कोण आहे?” या प्रश्नाला “कोणीच नाही” हे उत्तर खरे, पण धोक्याचे, “बाबा आंघोळीला गेले आहेत” हे सोयीचे, पण खोटे. सत्याणुव्रताचे संस्कार लाभलेल्या बालकाने काय करावे?

याचे उत्तर वचनगुप्तीत आहे. सत्य बोलणे म्हणजे विचारले ते सारे सांगणे नव्हे. “आई आत्ता दाराशी येऊ शकत नाही, संध्याकाळी या,” एवढेच दार न उघडता सांगावे; फोनवरही तसेच. आग्रह वाढला तर मौन धरावे आणि आईला किंवा शेजारच्या काकूंना लगेच कळवावे.

पालकांनी याचा सराव करून घ्यावा. गॅसचा वास आल्यास विजेचे बटण न दाबता घराबाहेर पडावे, हे शिकवावे. णमोकार मंत्राप्रमाणे ११२ आणि १०९८ हे मदतीचे क्रमांकही मुखोद्गत असावेत.

मात्र आई-वडिलांपाशी कसलीही गुप्ती नको. मूल घडलेले सांगू लागले की आधी शांतपणे ऐकावे. रागावल्यास पुढच्या वेळी ते लपवील.