शिडी कोणाची, जीव कोणाचा?

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चिंचोटी फाट्याला उभे राहिले की वसई-विरार पट्ट्याचा विकास एका नजरेत दिसतो. एकीकडे कामणवरून भिवंडीला जाणारा रस्ता, गाळे आणि गोदामे. दुसरीकडे नायगाव-वसईच्या उंच इमारती. जिकडे पाहावे तिकडे काचा. त्या काचांवर महामार्गाची धूळ रोज बसते आणि ती पुसायला माणूस लागतो. तो माणूस कोण, तो कशावर चढतो आणि पडला तर जबाबदार कोण, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मजल्यामजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली आणि या मजल्यांना जोडणारी शिडीच नाही, हे दाखवून दिले. शंभर वर्षे उलटली. आता खरे मनोरे उभे राहिले आणि त्यांची घाण काढण्यासाठी आमच्या माणसाच्या हाती शिडी आली. पण ती वर जाण्याची नव्हे, मरणाची शिडी! झाडू आणि फडके पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हाती दिले गेले, तेच दलित, आदिवासी आणि परप्रांतातून पोटासाठी आलेले मजूर आज 'हाऊसकीपिंग' या गोंडस नावाखाली तेच काम करीत आहेत. कामाचे नाव बदलले, कामगाराची जात बदलली नाही.

शिडी ही क्षुल्लक वस्तू आहे, असे कोणी समजू नये. काथ्याने बांधलेली बांबूची शिडी सुकली की सैल होते. रंग फासला की तिच्या भेगा दिसत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमची शिडी हलकी खरी, पण विजेच्या तारेजवळ ती काळ ठरते. तेथे फायबरची हवी. भिंतीला टेकवायची शिडी बारा फूट उंच टेकत असेल तर तिचा पाय भिंतीपासून तीन फूट लांब हवा, म्हणजे चारास एक हे प्रमाण. खाली रबरी पाय हवेत, वरचे टोक बांधलेले हवे. शिडी काचेवर टेकवायची नाही, भिंतीवरच टेकवायची. वरच्या तीन पायऱ्यांवर उभे राहावे लागत असेल तर ती शिडी त्या कामाला आखूड आहे, एवढे समजावे. घोडा वापरायचा तर तो पूर्ण उघडून, कडी लावून. आणि ओल्या लादीवर, एका हातात बादली घेऊन चढायला लावणे म्हणजे कामगाराला ढकलून देणेच होय.

हे ज्ञान गुप्त नाही. भारतीय मानक संस्थेचे आयएस ३६९६ हे मानक आहे. त्याचा दुसरा भाग खास शिड्यांसाठीच आहे. बांधकाम कामगारांच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत शिड्यांवर स्वतंत्र प्रकरण होते. ब्रिटनमध्ये २००५ च्या नियमांनी धोका कमी आणि काम थोडक्या वेळाचे असेल तरच शिडीला परवानगी ठेवली. तेथे पाण्याची नळी जोडलेल्या लांब दांड्याने जमिनीवर उभे राहूनच काचा धुतल्या जातात. म्हणजे सर्वांत सुरक्षित शिडी कोणती, तर जिच्यावर चढावेच लागत नाही ती! मग आपल्याकडे हा दांडा का येत नाही? कारण येथे दांड्यापेक्षा माणूस स्वस्त आहे.

आता कायद्याकडे वळू. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही श्रमसंहिता लागू केल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा संहितेचे कलम ६ सांगते की मालकाने कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवावी, नेमणूकपत्र द्यावे, सुरक्षेच्या साधनांचे पैसे कामगाराकडून घेऊ नयेत. वाचायला गोड आहे. पण ही संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू होते आणि काचा पुसणारी टोळी असते तीन-चार जणांची. कंत्राटी कामगारांचे संरक्षण १९७० च्या केंद्रीय कायद्यात वीस कामगारांपासून होते, ते आता पन्नासांपासून. ज्याला संरक्षणाची सर्वाधिक गरज, तोच कायद्याच्या चौकटीबाहेर! ही चूक आहे की योजना, हे वाचकांनीच ठरवावे.

तरीही हात टेकण्याचे कारण नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातील तत्त्व आता सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहे. कामावर असताना कामामुळे अपघात झाला तर भरपाई द्यावीच लागते. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. "तोच निष्काळजी होता" हे ठेकेदाराचे पालुपद पुरेसे नाही. दारू प्यालेला होता किंवा मुद्दाम आदेश मोडला, असे बचाव मृत्यूच्या आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या प्रकरणात चालत नाहीत. काम मूळ मालकाच्या व्यवसायाचा भाग असेल तर ठेकेदाराआड त्याला लपता येत नाही. दावा मात्र दोन वर्षांच्या आत करावा लागतो. आमचे लोक दहाव्या-बाराव्याला मिळालेल्या चार पैशांवर अंगठा देतात, येथेच घात होतो.

९ एप्रिल २०२४ रोजी विरारमध्ये एका खासगी मलशुद्धीकरण केंद्रात उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. गटारात मरणाऱ्यांसाठी २०१३ चा कायदा झाला, सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये भरपाई तीस लाखांवर नेली. हे आपोआप घडले नाही. सफाई कामगारांच्या चळवळीने लढून घडविले. खाली उतरून मरणाऱ्यासाठी जे झाले, ते वर चढून मरणाऱ्यासाठी का होऊ नये? घटनेचा अनुच्छेद ४२ कामाच्या न्याय्य व माणुसकीच्या परिस्थितीविषयी बोलतो. कामगाराचे आरोग्य हा अनुच्छेद २१ खालील हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. शिडी, पट्टा आणि हेल्मेट ठेकेदाराने द्यावे आणि कंत्राटात तसे लिहावे. दोन माणसांशिवाय शिडी लावू नये. दहा कामगारांची अट या कामासाठी काढावी. वसई-विरार महापालिकेने स्वतःच्या कंत्राटांपासून सुरुवात करावी. आणि आपल्या बुद्धविहारांतून रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास या कामगारांना नेमणूकपत्र, हजेरी आणि दावा यांची माहिती द्यावी. ज्या सोसायट्यांत आपलेच शिकलेले बांधव सेक्रेटरी आहेत, त्यांनी तर हे उद्यापासूनच करावे. सम्यक आजीविकेत दुसऱ्याचा जीव स्वस्त धरणे बसत नाही.

बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ मजूरमंत्री म्हणून कामगाराला कायद्याचे बळ दिले. ते बळ कागदावर ठेवायचे की रस्त्यावर आणायचे, हे आपल्या संघटनेवर अवलंबून आहे. मोडकी शिडी दिसली तर कामगाराने 'चढणार नाही' म्हणावे आणि आपण सर्वांनी त्याच्या पाठीशी उभे राहावे.

जयभीम!