आपोआप चढणारे मॉड : सोय आणि सावधगिरी

विद्यार्थिमित्रहो, जुन्या संगणकी खेळांचा नाद आपल्यापैकीं पुष्कळांस आहे, हें आम्ही जाणतों. सुटींत एखादा जुना खेळ काढावा, परदेशांतील कोणा हौशी माणसानें रचलेले नवे नकाशे त्यांत घालावे, चित्रें व आवाज बदलून पाहावे, ह्यांत जो आनंद आहे तो आम्ही हलका लेखीत नाहीं. अशा बदलांस खेळाडू 'मॉड' म्हणतात. प्रत्येक वेळीं मॉडचें नांव सांगत बसण्याचा त्रास नको, म्हणून खेळ उघडतांच तो आपोआप चढावा अशी योजना आज अनेक सोर्स पोर्टांत असते. तिला 'ऑटोलोड' म्हणतात. ही योजना कोठवर वापरावी आणि कोठें हात आंखडावा, ह्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय मुलांचा खरा. तथापि पालकांनींही हें वाचावें अशी विनंति आहे, कारण घरांत संगणक एक आणि त्यावर बसणारीं भावंडें अनेक, अशीच स्थिति पुष्कळ ठिकाणीं असते.

प्रथम पालकांसाठीं थोडी पूर्वपीठिका सांगतों. अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांतल्या इड सॉफ्टवेअर ह्या मंडळीनें १० डिसेंबर १९९३ रोजीं 'डूम' नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. त्याचा प्रोग्राम रचणारे जॉन कार्मॅक ह्यांनीं एक मोठी शहाणपणाची गोष्ट केली. खेळ चालविणारा प्रोग्राम त्यांनीं निराळा ठेविला, आणि चित्रें, आवाज, नकाशे हा सारा ऐवज 'वॅड' नांवाच्या निराळ्या फाइलींत भरला. त्यामुळें मूळ फाइलीस धक्का न लावतां कोणासही आपला नवा वॅड तिच्यावर चढवितां येऊं लागला. पुढें डिसेंबर १९९७ मध्यें कार्मॅक ह्यांनीं प्रोग्रामाचा मूळ मजकूर सर्वांस खुला केला, आणि १९९९ मध्यें तो जीपीएल ह्या मुक्त परवान्याखालीं दिला गेला. त्याच मुळापासून आजच्या संगणकांवर चालणारे अनेक प्रोग्राम निघाले. तेच हे सोर्स पोर्ट. त्यांपैकीं चॉकोलेट डूम जुन्या खेळाची वागणूक जशीच्या तशी राखतो, क्रिस्पी डूम त्याच पायावर कांहीं सोई वाढवितो, आणि जीझेडडूम तर पुष्कळच नव्या शक्ति जोडतो.

मूळ डूम रक्तपाताचा असून प्रौढांसाठींच आहे, हें पालकांनीं विसरूं नये. परंतु त्याच प्रोग्रामाच्या आधारें १९९६ मध्यें 'चेक्स क्वेस्ट' नांवाचा मुलांचा खेळ निघाला. न्याहारीच्या धान्याच्या खोक्यांत त्याची तबकडी फुकट मिळत असे. त्यांत कोणी मरत नाहीं. हिरवे चिकट प्राणी आपल्या जगांत परत धाडले जातात, इतकेंच.

मॉड चढविण्याच्या मुख्य रीति तीन. आज्ञेच्या ओळींत 'फाइल' हा शब्द व त्यापुढें वॅडचें नांव लिहिणें, ही पहिली. वॅड माउसनें ओढून प्रोग्रामाच्या चिन्हावर सोडणें, ही दुसरी. तिसरी ऑटोलोडची. जीझेडडूमची मांडणीची एक फाइल असते. तींत सर्व खेळांसाठीं एक कलम, डूमच्या कुळांतील खेळांसाठीं दुसरें, आणि एकेका खेळासाठीं निराळीं कलमें असतात. ज्या कलमाखालीं मॉडचा पत्ता लिहावा, त्या कक्षेंतील खेळ उघडतांच तो मॉड चढतो. क्रिस्पी डूम, वूफ व डीएसडीए-डूम ह्यांत हेंच काम फोल्डरांनीं होतें. 'डूम-ऑल' ह्या फोल्डरांत ठेविलेली वस्तु डूमच्या सर्व खेळांस लागू होते, 'डूम२.वॅड' ह्या नांवाच्या फोल्डरांतील वस्तु फक्त दुसऱ्या डूमला. दोन वस्तूंचें नांव एकच असेल तर मागाहून चढलेली आधींच्या वस्तूस झांकते, असा सामान्य नियम आहे.

ह्या योजनेचा उपयोग आम्हांस मान्य आहे. चेक्स क्वेस्टचेंच पाहा. त्याच्या स्वतःच्या प्रोग्रामांत जे बदल होते ते डीहॅकएड पद्धतीच्या एका लहानशा फाइलींत उतरविलेले आहेत, आणि चॉकोलेट डूमवर हा खेळ नीट चालावयास ती फाइल लागते. वॅडच्या शेजारीं ती ठेविली असतां चॉकोलेट डूम ती आपण होऊन घेतो. जी वस्तु खेळाचें अंगच आहे, ती दरवेळीं हातानें चढवावयास लावणें हा निव्वळ छळ झाला असता. तसेंच रुंद पडद्यासाठीं नव्यानें काढलेलीं चित्रें किंवा स्वच्छ केलेले आवाज, अशा केवळ देखाव्याच्या वस्तु आपोआप आल्या तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.

अडचण उत्पन्न होते ती खेळाचे नियम बदलणारे मॉड आपोआप चढूं लागले म्हणजे. डूममध्यें आपला खेळ नोंदवून ठेवितां येतो; त्या नोंदीस 'डेमो' म्हणतात. तींत चित्रें नसतात. खेळाडूनें सेकंदास ३५ वेळां काय हालचाल केली, एवढेंच तींत लिहिलेलें असतें. बाकीचें सर्व प्रोग्राम पुन्हा घडवून आणतो. यदृच्छेचे आंकडेदेखील २५६ आंकड्यांच्या एका ठराविक कोष्टकांतून क्रमानें उचलले जातात. म्हणून न कळत चढलेल्या मॉडनें एका शत्रूची ताकद जरी बदलली, तरी पुढचा सारा हिशेब चुकत जातो, आणि नोंदींतील खेळाडू दार सोडून भिंतीवर डोकें आपटूं लागतो. ज्यानें आपला विक्रम प्रामाणिकपणें नोंदविला, त्याचीच नोंद पाहणाऱ्यास खोटी वाटते!

ह्याहूनही मोठा अन्याय नकाशे रचणाऱ्यांवर होतो. कोणी गृहस्थ महिनोन् महिने, एक पैही न घेतां, नकाशे रचतो. कोणत्या खोलींत किती शत्रू, किती गोळ्या, किती औषध ठेवावें, ह्याचें तो मोजमाप करतो. इकडे आमच्या एखाद्या विद्यार्थ्यानें वर्षापूर्वीं दुप्पट जोराच्या बंदुकीचा मॉड सर्व खेळांच्या कलमांत लिहून ठेविलेला असतो आणि तो विसरलेलाही असतो. नवा वॅड मागाहून चढला, तरी त्यानें ज्या वस्तु बदलल्या नाहींत त्या आधींच्या मॉडच्याच राहतात. मग नकाशा मिळमिळीत वाटतो, किंवा खेळ मध्येंच बंद पडतो. आणि आमचा विद्यार्थी निःशंकपणें लिहून मोकळा होतो कीं, हें काम अगदींच टाकाऊ आहे. चोर सोडून संन्याशास सुळीं देणें म्हणतात तें हेंच.

म्हणून आमचें मत असें आहे : सर्व खेळांस लागू होणारी जागा शक्य तों रिकामी ठेवावी, आणि जी वस्तु ज्या खेळाची ती त्याच खेळाच्या कलमांत किंवा फोल्डरांत घालावी. नियम बदलणारे मॉड ऑटोलोडांत मुळींच घालूं नयेत. त्यांसाठीं आज्ञेची संपूर्ण ओळ एका बॅच फाइलींत लिहून ठेवावी. दोनदां टिचकी मारली कीं काम होतें, आणि काय चढणार तें अक्षरशः लिहिलेलें राहतें. कोणी म्हणेल, फोल्डरही उघडून पाहतां येतोच. खरें आहे, पण जें न मागतां मिळतें तें उघडून पाहण्याची बुद्धि फार थोड्यांस होते.

दुसऱ्याच्या कामास नांवें ठेवण्यापूर्वीं तर एक परीक्षा अवश्य करावी. आज्ञेंत एक आडवी रेघ देऊन तीस जोडूनच 'नोऑटोलोड' हा शब्द लिहावा, म्हणजे त्या वेळेपुरती आपोआप भरती थांबते. दोष तरीही दिसला तर तो रचणाऱ्यास सभ्यपणें कळवावा. नाहींसा झाला तर तो आपल्याच घरचा होता असें समजावें. जीझेडडूम सुरू होतांना चढलेल्या फाइलींचीं नांवेंही दाखवितो. तीं वाचण्यास क्षणभरच लागतो.

पालकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, मुलगा किती वेळ खेळतो हें विचारतांना, ह्या खेळांत आपोआप काय चढतें, हेंही त्यास एकदां विचारावें. वडील भावानें दोन वर्षांपूर्वीं काय भरून ठेविलें, ह्याची धाकट्यास पुष्कळदां दादही नसते. चेक्स क्वेस्ट म्हणून उघडलेल्या खेळांत सर्व खेळांस लागू केलेला एखादा रक्तपाताचा मॉड शिरूं शकतो, आणि त्यांत त्या धाकट्याचा कांहींच अपराध नसतो. ज्यास आपल्या यंत्रावर चढणाऱ्या वस्तूंची यादी एका कागदावर लिहून दाखवितां येते, त्या मुलानें ऑटोलोडची सोय खुशाल वापरावी. ज्यास ती येत नाहीं, त्यानें आजच संध्याकाळीं ती तयार करावयास बसावें.