लोडशेडिंग आणि लोड बॅलन्सिंग

२००७ साली आमच्या कळमेश्वरात लोडशेडिंगचं वेळापत्रक घराघरात तोंडपाठ असायचं. माझ्या ब्रॉडबँडवर रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट. म्हणून गजर लावून उठायचं, टोरेंटवर लिनक्सची सातशे एमबीची सीडी लावायची आणि परत झोपायचं. सकाळी बघावं तर लाइन गेलेली, गाडी चाळीस टक्क्यांवर!

पण लाइन आली की काम जिथं थांबलं तिथूनच पुढे सुरू. फाइलचे तुकडे अनोळखी लोकांच्या संगणकांवर. ती कोणाकोणाकडे आहे हे शोधायला टोरेंटमध्ये २००५ पासून कॅडेम्लिया ही पद्धत आहे. कोणाकडेच सगळी यादी नसते. पानठेल्यावर पत्ता विचारावा तसं विचारत जायचं. दर विचारण्याला अंतर निदान निम्मं होतं. दहा लाख संगणकांतही वीसेक पायऱ्यांत पत्ता लागतो.

मेख पुढे आहे. प्रत्येक संगणक आपल्या यादीत जुने, सतत चालू असलेले सोबती जपतो. जुना उत्तर देईनासा झाला तरच नव्याला जागा. जो तासभर टिकला तो पुढचा तासही टिकेल, हा हिशेब अनुभवाचा आहे आणि बरोबरही आहे. पण त्यामुळे माझा पीसी कायमचा नवखा! वाट दाखवण्याचं ओझं जिथं वीज जात नाही तिथल्यांवर.

२००० साली अदार आणि ह्यूबरमन यांनी नुटेलाच्या जाळ्यात मोजलं, तर जवळजवळ सत्तर टक्के लोक एकही फाइल देत नव्हते. 'फुकटे' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. द्यायचंच नाही असा कोण आणि देता येत नाही असा कोण, हे त्या आकड्यावरून कळत नाही. मला तरी हा फरक महत्त्वाचा वाटतो.

बरं, सक्षमांवरच भार टाकला तर सगळं सुरळीत चालतं का? स्काइप चांगल्या जोडणीचे संगणक निवडून त्यांना 'सुपरनोड' करायचं. मालकाला बहुधा पत्ताही नसायचा. १६ ऑगस्ट २००७ ला विंडोजच्या अपडेटनंतर असंख्य संगणक एकदम रीस्टार्ट झाले. ज्यांच्या खांद्यावर डोलारा होता तेच गायब, आणि दारात लॉगिनची झुंबड. त्यात त्यांच्या प्रणालीतली एक चूक. दोनेक दिवस स्काइप आडवं होतं. (२०१२ पर्यंत त्यांनी सुपरनोड स्वतःच्या सर्व्हरवर नेले.) भार जरूर ताकदीप्रमाणे द्यावा, पण विचारून, आणि दुबळ्यालाही झेपेल तेवढा द्यावा.

असो. सीडी उतरून झाली तरी मी टोरेंट बंद करत नसे. आई म्हणायची, "काम झालं ना, मग कशाला चालू ठेवतोस बाबू?"

लाइन जाईपर्यंत चालू ठेवायचो.